आजोबांचे रुपये स्लॅबमध्ये कायमचे बंद करावेत का?

महालवासी:
आजोबांच्या पेटीतून १८६२चे चार व्हिक्टोरिया रुपये आणि नागपूरकर भोसल्यांचे दोन रुपये माझ्याकडे आले. धाकटा भाऊ म्हणतो, सगळे ग्रेडिंगला, म्हणजे नाणी पारखून गुण देणाऱ्या कंपनीकडे पाठवू आणि ती ज्या लेबल लावलेल्या सीलबंद प्लास्टिकच्या डब्यांत नाणी परत देते, ते स्लॅब बैठकीच्या भिंतीवर लावू. माझा याला सक्त विरोध आहे. व्हिक्टोरिया रुपया ११.६६ ग्रॅमचा, स्लॅबमध्ये गेला की तो तोलणार कसा? भोसल्यांच्या रुपयाचं तर विचारूच नका. नाणं ठोकायचा ठसा नाण्यापेक्षा मोठा, म्हणून फारसी अक्षरं अर्धीच उमटलेली, वर सराफांनी पारखून मारलेल्या खुणा. ते हातात तिरपं धरून, उजेडात फिरवूनच वाचावं लागतं.

इतवारीकर:
राजेहो, हातात घेऊनच नाणी खराब होतात. घामाच्या बोटाचा ठसा चांदीवर उमटला की जात नाही. मी मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवली होती. नागपूरचे दोन उन्हाळे गेले आणि त्यांच्यावर हिरवा चिकट थर आला. आजही हळहळ वाटते. स्लॅबचं कडक प्लास्टिक तसा त्रास देत नाही. शिवाय लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पडताळता येतो, लेबल वाचून विकत घेणाऱ्याचा विश्वास बसतो. आता काही स्लॅबमध्ये नाणं छोट्या टोकांवर धरतात, त्यामुळे दातेरी कडही दिसते.

महालवासी:
कडेचं मान्य. पण ग्रेडिंगवाले नाण्याची अवस्था ज्या ७० गुणांच्या मोजपट्टीवर मोजतात, ती अमेरिकन नाणे-अभ्यासक शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी मांडली. हाताने ठोकलेल्या आपल्या रुपयाचं मोल तिच्यात कसं मावणार?

रुपेरी:
दादा, आधी एक सांगा, घरात कोणी ती चिंचेने घासली होती का? आमच्याकडे दिवाळीला घासायचे. घासलेल्या नाण्याला बहुधा अंकच मिळत नाही, लेबलवर फक्त 'डिटेल्स' आणि 'क्लीन्ड', म्हणजे घासलेलं, असं येतं. फी मात्र भरावीच लागते. आणि भिंत तर नकोच! स्लॅब हवाबंद नसतो, पावसाळ्याची दमट हवा आत जाते. कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

इतवारीकर:
भिंतीबद्दल ताईंचं बरोबर. पण व्हिक्टोरिया पाठवाच.

महालवासी:
१८६२ हे साल पुढची कित्येक वर्षं तसंच छापत राहिले, खरा काळ बारीक टिंबांवरून लावतात. आधी चारहींची टिंबं भिंगाखाली मोजतो. त्यातला न घासलेला एखादा भावाच्या हट्टाखातर पाठवीन. भोसल्यांचे दोन्ही उघडता येणाऱ्या कॅप्सूलमध्येच, म्हणजे प्लास्टिकच्या गोल डबीतच राहतील.