गटातलं भांडण गटातच मिटवायचं?

रात्रपाळी: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘बीईच्या (इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष) प्रोजेक्टमधली भांडणं चौघांनी चहावर मिटवावीत, गाइडकडे (प्रोजेक्ट बघणाऱ्या शिक्षकांकडे) जाणं म्हणजे चुगली.’ डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्यातला एक जण फक्त रिव्ह्यूच्या दिवशी उगवायचा. चहा पाजला, समजावलं, होस्टेलवर जाऊन उठवलं. फेब्रुवारीत प्रोग्रॅमचं अख्खं मॉड्यूल (एक स्वतंत्र भाग) त्याच्याकडे अडकलं आणि फोन बंद. आम्ही दोघांनी अकरा रात्री जागून ते पुन्हा लिहिलं. मार्क चौघांना सारखेच! जुलैतच कामं वाटून सह्या घ्या, गिटवर (कोडमधला कुठला बदल कुणी केला ते नोंदवणारं टूल) ज्याने त्याने आपल्याच अकाउंटवरून कमिट करा, म्हणजे आपला बदल नोंदवा. दोन आठवडे काही आलं नाही तर गाइडला सांगायचं, हेही तेव्हाच ठरवा.

कटिंग: ते वाक्य माझं, आणि मी त्यावर ठाम आहे. आम्ही अशीच तक्रार केली होती. मुलाला सगळ्यांसमोर झापलं गेलं. नंतर कळलं, वडील आयसीयूत होते. त्याच्याशी आजही नजर मिळवता येत नाही.

शाईचा डाग: कमिट मोजणार? मग माझं काम शून्य. गटात मी एकटी मुलगी. पहिल्याच दिवशी ‘तुझं इंग्लिश चांगलंय, तू रिपोर्ट बघ.’ शंभर पानांचं ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बाइंड केलेला रिपोर्ट), सगळे डायग्राम, पीपीटी, बाइंडिंगवाल्याकडे तीन फेऱ्या. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाने, कोड विचारला आणि मी गप्प.

सरळसोट: प्रत्येक विषयात मुलगा-मुलगी आणलंच पाहिजे का? आमच्यातल्या मुलीने रिपोर्ट स्वतः मागून घेतला होता.

शाईचा डाग: मागितला, की तुम्ही कोडिंग आपसात वाटल्यावर उरलं ते घेतलं? तिलाच विचारा. तिच्या वतीने बोलू नका!

सरळसोट: तुम्ही तिथे नव्हता. उगाच आरोप नकोत.

फळा-डस्टर: बारा वर्षं प्रोजेक्ट गाइड करतेय. फ्रान्सच्या रिंगेलमानने दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ मध्ये छापले. एकट्याचा जोर १०० धरला तर चौघांत माणशी ७७ भरला. कामचुकारपणा आजचा नाही.

कटिंग: मॅडम, दोर ओढणाऱ्याचे वडील आयसीयूत नसतात.

फळा-डस्टर: म्हणूनच मी आधी एकेकाला वेगळं बोलावते. आणि ज्याचं मॉड्यूल, त्यानेच ब्लॅक बुकमधलं ते प्रकरण लिहायचं. रिपोर्ट एकीच्या गळ्यात पडलेला दिसला तर मी सही करत नाही.

सरळसोट: हे पटलं. पण ‘शाईचा डाग’, तुम्ही आमच्या गटाबद्दल बोललात ते नाही.

रात्रपाळी: कमिटचं अर्धं मागे घेतो, रिपोर्टही गिटवर टाका, म्हणजे तोही दिसेल. आमचंही ब्लॅक बुक एकीनेच लिहिलं होतं. वर अकरा रात्री मोजताना तिच्या रात्री मी धरल्याच नाहीत. गाइडकडे जाण्याबद्दल मात्र माघार नाही.

शाईचा डाग: तिला हे सांगितलंत का कधी?