मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचा वर्ग कोणी ठरवावा: संघाने की निकालांनी?

मूळ लेखन

अमेरिकेत मुलींच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये (बेसबॉलसारखा खेळ, ज्यात चेंडू हात खालून फिरवून वेगाने टाकतात) दहा, बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालील असे वयोगट असतात आणि बहुतेक स्पर्धांत त्या-त्या वयोगटात कौशल्यानुसार ए (सर्वांत वरचा), बी, सी असे वर्ग पाडले जातात. वय जन्मदाखल्यावरून सिद्ध करता येते. कौशल्याचा असा दाखला कोणाकडेच नसतो, म्हणून अनेक ठिकाणी नोंदणी करताना संघ स्वतःच आपला वर्ग सांगतो आणि आयोजक तो मान्य करतात. माझा आक्षेप नेमका यालाच आहे. ए वर्गात सहज टिकेल असा संघ बी वर्गात उतरून चषक नेतो आणि त्याची किंमत समोरच्या मुली मोजतात. धावांचा फरक फार वाढला की नियमानुसार सामना लवकर थांबवतात. तो तीन डावांतच आटोपला आणि प्रतिस्पर्धी पिचरने (चेंडू टाकणाऱ्या मुलीने) सगळ्यांना ओळीने बाद केले, तर नऊ जणींपैकी प्रत्येकीच्या हाती बॅट जेमतेम एकदा येते. हंगामातले निकाल पाहून वर्ग ठरवावा आणि खालच्या वर्गात दोन स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला वर चढवणे सक्तीचे करावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (प्रशिक्षक)

आपली तळमळ मान्य आहे, पण उपाय पटत नाही. या वयात संघाचा वर्ग म्हणजे बव्हंशी त्याच्या पिचरचा वर्ग असतो. लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये पिचरने किती चेंडू टाकावेत यावर सर्रास मर्यादा असते. सॉफ्टबॉलमध्ये बहुतेक स्पर्धांत ती नसते, त्यामुळे एकच तरबेज मुलगी शनिवार-रविवारचे जवळजवळ सगळे सामने ओढून नेऊ शकते. ती आजारी पडली किंवा दुसऱ्या संघात गेली की तोच संघ दोन पायऱ्या खाली येतो. निकालांच्या जोरावर ए वर्गात चढवलेल्या उरलेल्या मुलींनी मग काय करायचे?

शिवाय वयोगट बदलला की खेळच बदलतो. दहा वर्षांखालील गटात चेंडू 11 इंच घेराचा असतो आणि पिचर 35 फुटांवरून टाकते; बारा वर्षांखालील गटात चेंडू 12 इंची होतो आणि अंतर 40 फूट, चौदापासून पुढे 43 फूट. गेल्या वर्षी फलंदाजांना हलू न देणाऱ्या मुलीचा चेंडू या वर्षी मोठा झालेला असतो, हात मात्र तेवढाच असतो, आणि अशा वेळी मागच्या हंगामाचे निकाल तिच्याबद्दल काहीही सांगत नाहीत. संघाला सर्वांत जवळून ओळखतो तो प्रशिक्षक. वर्गाचा निर्णय त्याच्याकडेच असावा.

प्रतिसाद २ (पालक)

प्रशिक्षक संघाला ओळखतो हे खरेच, पण नेमके म्हणूनच त्याने सांगितलेला वर्ग डोळे झाकून स्वीकारता येत नाही, कारण जिंकण्यात त्याचेही हित गुंतलेले असते. पाहुण्या खेळाडूंचा मुद्दा तर आपण दोघांनीही सोडून दिला आहे. नोंदणी बी वर्गात करायची आणि त्या आठवड्यापुरती ए वर्गातली पिचर उसनी आणायची, हे नियमात बसत असेल तर निकालांचा कितीही काटेकोर हिशेब ठेवा, तो फसवाच ठरणार. खेळाडूंची यादी स्पर्धेआधी गोठवावी आणि वरच्या वर्गात खेळलेल्या मुलीला त्याच हंगामात खालच्या वर्गात पिचिंग करू देऊ नये.

प्रतिसाद ३ (आयोजक)

वर्गाची एवढी चिकित्सा मोठ्या स्पर्धेत परवडते. एका वयोगटात पाच-सहाच संघ आले, तर वर्ग एकत्र करण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी शनिवारी साखळी सामने घ्यावेत आणि त्यांच्या निकालांवरून रविवारी वरच्या संघांची एक आणि खालच्या संघांची दुसरी अशा दोन बाद फेऱ्या लावाव्यात, म्हणजे निदान दुसऱ्या दिवशी तरी प्रत्येक संघाला तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो.

मूळ लेखकाचे उत्तर

पिचरबद्दलचा मुद्दा मला पूर्ण पटतो, म्हणून वयोगट बदलताना जुने निकाल पुसून टाकावेत आणि मुख्य पिचर गेली असेल तर संघाला फेरविचाराचा अर्ज करता यावा, ही भर मी माझ्या सूचनेत घालतो. अर्जाचा निर्णय मात्र आयोजकांचा असावा, प्रशिक्षकाचा नव्हे. साखळीनंतरच्या दोन बाद फेऱ्यांची पद्धत चांगली आहे, पण शनिवारचे एकतर्फी सामने तिने टळत नाहीत, आणि लागोपाठ हरलेल्या संघातल्या कोवळ्या वयाच्या मुली रविवारी मैदानावर येतात त्या आधीच खचलेल्या. खेळ सोडून देण्याचा विचार अनेकींच्या मनात तिथेच सुरू होतो, म्हणून पहिल्या सामन्याची जोडीसुद्धा निकाल पाहूनच लावावी, या मतावर मी कायम आहे.