लक्झर-कर्नाक: राजाच्या नावापुढची आशीर्वचने ओळखायला काय शिकून जावे?

सह्यवेडी:
जानेवारीत आईला घेऊन इजिप्तला लक्झर, कर्नाक, राजांची दरी आणि कोम ओम्बो असा बेत आहे. प्राचीन इजिप्तची अख्खी चित्रलिपी शिकायला वेळ नाही, पण राजाच्या नावाला जोडून येणारी आशीर्वचने तरी भिंतीवर ओळखता यावीत अशी मनापासून इच्छा आहे. नेटवर जिथे तिथे 'अंख वुजा सेनेब' (आयुष्य, भरभराट, आरोग्य) हेच आधी सांगतात. तिथून सुरुवात करू का? आई संस्कृत शिकवायची, तिलाही यात खूप रस आहे. आगाऊ धन्यवाद.

थीब्सवारी:
तिथून करू नका. ते सूत्र जास्त भेटतं पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांवर). राजाचं नाव किंवा 'पेर-आ' (मूळ अर्थ राजवाडा, पुढे खुद्द राजा, फॅरो) आलं की लेखनिक पुढे तीन चिन्हं टाकायचे: अंख (वर फास असलेला क्रूस, म्हणजे जीवन), अग्नी पाडायची अरणी आणि घडी घातलेलं वस्त्र. ब्रिटिश म्युझियममधला हॅरिस पपायरस ४० मीटरहून लांब आहे, त्यात हे जागोजागी दिसतं. पण तुम्ही जाताय देवळं बघायला.

भिंतीवर 'दी अंख' शोधा. कार्तूश, म्हणजे राजाच्या नावाभोवतीची लांबट चौकट, सापडली की तिच्या खाली किंवा शेजारी बघा. एक टोकदार त्रिकोणी भाकरी (दी, दिलेला) आणि तिला लागून अंख. जागा असेल तिथे पुढे जेद येतो, वर आडव्या पट्ट्या असलेला खांब, म्हणजे स्थैर्य. मग वास, प्राण्याच्या डोक्याचा आणि खाली दुभंगलेला राजदंड, म्हणजे सत्ता. शेवटी 'मी रा जेत': जाळीत अडकवलेला दुधाचा लोटा, सूर्याची चकती आणि नाग. सगळं मिळून 'जीवन, स्थैर्य, सत्ता लाभलेला, रासारखा (रा म्हणजे सूर्यदेव), सदासर्वकाळ'. एवढी ओळ पाठ करून गेलात तरी कर्नाकमध्ये पावलोपावली काहीतरी वाचता येईल.

सरावासाठी कर्नाकच्या खुल्या संग्रहालयातलं सेनुस्रेत पहिल्याचं पांढरं देवालय अजिबात चुकवू नका. सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचं चुनखडीचं काम. पुढे आमेनहोतेप तिसऱ्याने त्याचे दगड आपल्या तिसऱ्या पायलॉनच्या (देवळाच्या भव्य प्रवेशद्वाराच्या) भरावात वापरले. विसाव्या शतकात ते बाहेर काढून फ्रेंच वास्तुविशारद शेव्रिये यांनी देवालय पुन्हा उभं केलं. भरावात गाडलेलं राहिल्यामुळे कोरीवकाम इतकं धारदार आहे की पक्ष्यांची पिसंसुद्धा सुटी दिसतात. मोठ्या देवळाच्या गर्दीत शिरण्याआधी इथे निवांत बसा.

मोडीवाचक:
+१. राजांच्या दरीत मात्र सूत्र बदलतं. आपण पत्रिकेत हयात माणसाला चि. आणि गेलेल्याला कै. लावतो, तसाच हा भेद. थडग्यात राजाला 'ओसिरिस' (मृतांच्या देवाचं नाव) म्हणतात आणि नावानंतर 'माआ खेरू' येतं, म्हणजे मृत्यूनंतरच्या न्यायनिवाड्यात खरा ठरलेला. त्यात वल्ह्याचं चिन्ह शोधा, ते चटकन सापडतं.

आईंसाठी एक खास गोष्ट. हत्शेपसुत राजा म्हणून गादीवर बसली, चित्रांत पुरुषी वेशात दिसते, पण तिच्या लेखांत पुष्कळदा स्त्रीलिंगी प्रत्यय आहेत. आशीर्वचनातसुद्धा. पाव दाखवणारं छोटं अर्धगोल चिन्ह (त) शोधायला सांगा. व्याकरण शिकवलेल्या माणसाला याचा आनंद निराळाच मिळेल.

सह्यवेडी:
दोघांचेही खूप आभार! आईला आत्ताच वाचून दाखवलं, ती वही घेऊन बसली आहे. पुस्तक कोणतं घेऊ? आणि कोम ओम्बोला काय बघू?

थीब्सवारी:
पुस्तक कोलियर आणि मॅनली यांचं, 'हाउ टू रीड इजिप्शियन हायरोग्लिफ्स', १९९८ चं. ब्रिटिश म्युझियममधल्या खऱ्या शिळांवरून शिकवतात, म्हणून मला आवडतं. गार्डिनर यांचं व्याकरण आत्ता घेऊ नका, फक्त त्यांचे चिन्हक्रमांक टिपून ठेवा, नेटवर शोधायला बरे पडतात. अंख एस ३४, जेद आर ११, वास एस ४०.

कोम ओम्बोच्या देवळात होरस आणि थोथ हे देव टॉलेमी बाराव्यावर (टॉलेमी हे इजिप्तचे ग्रीक वंशाचे राजे) कलश ओततात तो प्रसंग बघाच. पाण्याच्या धारेच्या जागी अंखांची माळ कोरली आहे. म्हणजे आशीर्वचन वाचायचंही आणि बघायचंही. आणि तिथले कार्तूश लांबलचक दिसले तर गोंधळू नका. टॉलेमींच्या काळात आशीर्वचन चौकटीच्या आतच शिरलं. इसवी सनपूर्व १९६ च्या रोझेटा शिळेवरही 'टॉलेमी, चिरकाल जगो, प्ताह देवाचा लाडका' एवढं सगळं एकाच कार्तूशमध्ये आहे.

मोडीवाचक:
वाचायची दिशा राहिली. माणसं आणि पक्षी ज्या बाजूला तोंड करून आहेत, तिकडून सुरुवात करायची. दाराच्या दोन्ही बाजूंना एकच ओळ उलटसुलट कोरलेली असते, तिथे हे पक्कं बसेल.