मदत हवी आहे: शॉर्टनंतर डेअरीच्या संगणकाचे पोर्ट बंद, फॅट हाताने घालावी लागतेय

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत मी संगणकाचं काम बघते. हार्डवेअरमधलं फारसं कळत नाही, म्हणून झालं ते जसंच्या तसं सांगते.

गेल्या मंगळवारी संध्याकाळचं संकलन चालू होतं. बाहेर पाऊस कोसळत होता. पत्र्यातून गळणारं पाणी भिंतीवरून ओघळत नेमकं एक्स्टेन्शन बोर्डात गेलं. फट्ट आवाज झाला, संगणकाच्या मागून ठिणगी दिसली आणि मेनचा फ्यूज उडाला. मापाड्याने बोर्ड पुसून वाळवला, फ्यूज बांधला आणि अर्ध्या तासाने सगळं परत चालू केलं. संगणक सुरू झाला म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला, पण तो जरा घाईनेच टाकला.

काट्याचं वजन येतंय. काटा जादा बसवलेल्या कार्डावर, कॉम २ ला आहे (कॉम म्हणजे जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट). फॅट मशीनच्या डिस्प्लेवर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बरोबर दिसतं, पण संगणकात काहीच येत नाही. ते मदरबोर्डवरच्या कॉम १ ला आहे. पुढचे दोन्ही यूएसबी मेलेत, माउस लावला तर त्याचा लाल दिवासुद्धा लागत नाही. मागच्या चारांपैकी दोन चालतात. उरलेल्या दोनांत माउसचा दिवा लागतो, पण डिव्हाइस ओळखता येत नाही असा संदेश येतो.

राजारामपुरीत एका दुकानात दाखवलं. त्यांनी पाच मिनिटांत मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, नवीन बोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून १४ हजार. वर नवीन बोर्डाला कॉम पोर्ट मिळेलच असं नाही. आमचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरचं आहे आणि ते देणारे आता फोन उचलत नाहीत.

पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. दर फॅटवर ठरतो आणि फॅट मी डिस्प्लेवर बघून हाताने टाइप करते. म्हशीच्या दुधाला ६.४ लागलेला माणूस आधी पावतीकडे बघतो, मग माझ्याकडे. कोणी तोंडावर बोलत नाही, पण काल एक आजोबा म्हणालेच, "ताई, मशीन घालत हुती तवा सातच्या खाली येत न्हवती की." दहा दिवसांचं बिल निघायला चार दिवस उरलेत. बोर्ड न बदलता काही होईल का?

प्रतिसाद: शाहूपुरीकर

घ्या की नवीन ताई, संस्थेला काय कमी आहे! (गंमत केली. जाणकार येतीलच.)

प्रतिसाद: पिनकाम

अख्खा बोर्ड गेला असता तर संगणक सुरूच झाला नसता. तुम्ही लक्षणं नीट लिहिली आहेत, त्यातच अर्धं उत्तर आहे.

यूएसबीत दोन गोष्टी असतात, ५ व्होल्टचा पुरवठा आणि माहितीच्या दोन तारा. मागे दिवा लागतो पण ओळख पटत नाही, म्हणजे पुरवठा आहे आणि माहितीची बाजू मेली. ती चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) आतली, तिचा नाद सोडा. पुढे दिवाच लागत नाही, म्हणजे पुरवठाच तुटलाय. हे बहुतेक वेळा बरं होतं. बोर्डावर बारीक पॉलिफ्यूज असतो. जादा करंट गेला की तो तापून अडवतो आणि थंड झाला की परत सोडतो. पण कारण तसंच राहिलं तर तो अडवलेलाच राहणार. संगणकाची पिन भिंतीतून काढा (नुसता शट डाउन नको, तेव्हाही काही बोर्डांत यूएसबीला ५ व्होल्ट चालू असतात). पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा. मग टॉर्च लावून पुढच्या पोर्टात बघा, एखादी पिन वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकली आहे का. चाचणीला जुना माउस वापरा, डेटाचा पेन ड्राइव्ह अजिबात नको.

आता कॉम १. मल्टिमीटर आहे का? फॅट मशीनची केबल संगणकातून काढा, मशीन चालू ठेवा. केबलच्या टोकाला ५ नंबरच्या पिनला काळी तार, मग २ आणि ३ ला एकेक करून लाल. दोघींपैकी एकीवर उणे ३ ते उणे १५ च्या दरम्यान आकडा आला पाहिजे. आला तर मशीन बोलतंय. तसंच संगणकाच्या पोर्टच्या ३ नंबरवर बघा. तिथे शून्य आलं तर मेला तो संगणकाचा पोर्ट.

प्रतिसाद: धागाकर्ती

मल्टिमीटर शेजारच्या मोटर रिवाइंडिंगवाल्या दादांकडून आणला. त्यांनी आधी 'टेस्टर पाहिजे का' विचारलं. आमच्याकडे टेस्टर म्हणजे फॅट काढणारा माणूस, त्यामुळे दोन मिनिटं गोंधळच.

मशीनच्या केबलवर उणे ८.९. संगणकाच्या ३ नंबरवर ०.०२. म्हणजे मशीन बोलतंय, संगणक बहिरा झालाय ना?

आणि पुढच्या यूएसबीबद्दल कबुली देते. त्या संध्याकाळी बॅकअपच्या घाईत मी पेन ड्राइव्ह उलटा घुसवला होता. डाव्या पोर्टची एक पिन वाकून पत्र्याला टेकली होती. भिंतीतली पिन काढलेली असतानाच ती सुईने सरळ केली, रात्रभर बंद ठेवलं. सकाळी पुढचे दोन्ही चालू! दुकानदाराने बघितलंच नव्हतं.

प्रतिसाद: उद्यमनगरी

नवीन काही घ्यायच्या आधी एक विचारतो. फॅट मशीनच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का?

प्रतिसाद: धागाकर्ती

येतात की! पावसाळ्यात जास्तच. आम्ही पायाखाली फळी ठेवतो. संगणकाला मात्र येत नाहीत.

प्रतिसाद: उद्यमनगरी

वाटलंच मला. फळी ठेवून सवय केलीत तिथेच गोम आहे.

मशीन त्या एक्स्टेन्शन बोर्डावर आणि बोर्डाची वायर दोन तारी असणार. सॉकेटला तीन भोकं दिसतात, पण तिसऱ्यातून काहीच जात नाही. अशा यंत्रांच्या पॉवर सप्लायमध्ये गडबड गाळायला फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे दोन बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. त्याच्याच झिणझिण्या.

संगणक भिंतीतल्या सॉकेटवर आहे आणि तिथे अर्थिंग असणार. मग मशीनच्या पत्र्याला जमिनीचा रस्ता कोणता? तुमची कॉम केबल, तिची ५ नंबरची पिन. रोज थोडा करंट तिथूनच जात होता. मंगळवारी पाणी शिरलं, फेज सरळ पत्र्यावर आली आणि अख्खा लोंढा त्या बारीक तारेतून मदरबोर्डात घुसला. काटा त्या केबलवर नव्हता म्हणून वाचला. उद्या नवीन मदरबोर्ड बसवला असता तर पुढच्या पावसात तोही गेला असता. आणि माणसाला बसला असता तर काय, ते सांगायला नको.

तेव्हा पहिलं काम वायरमनचं: तीन तारी वायर, नवीन एक्स्टेन्शन बोर्ड उंचावर, अर्थिंग खरंच लागतं का याची तपासणी आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच). मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं का तेही बघा, बरीच चालतात.

प्रतिसाद: पिनकाम

+१. त्यानंतर यूएसबी ते सीरियल कन्व्हर्टर घ्या. अगदी स्वस्तातला नको, नकली चिपवाले ड्रायव्हर बसवताना रडवतात. बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन मेलेला कॉम १ बंद करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कन्व्हर्टरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये त्यालाच कॉम १ हा नंबर द्या, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला फरक कळणार नाही. नंबर वापरात आहे असं म्हणालं तरी द्या. बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) पूर्वीचाच. कन्व्हर्टर दर वेळी त्याच यूएसबीत लावा. मध्ये आरएस-२३२ चा, म्हणजे कॉम पोर्टला चालणारा ऑप्टो-आयसोलेटर (माहिती प्रकाशातून पुढे देणारा) टाकलात तर सोन्याहून पिवळं, दोन्ही बाजूंमध्ये तांब्याचा संबंधच राहत नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

वायरमन येऊन गेले. बोर्ड उघडला, हिरवी तार आतच कापून गुंडाळून ठेवलेली! कोणी कधी, कोणाला आठवत नाही. चेअरमन स्वतः उभे राहून बघत होते, त्यामुळे नवीन वायर आणि आरसीसीबीचे पैसे लगेच मंजूर झाले. झिणझिण्या बंद.

कन्व्हर्टर शाहूपुरीतून आणला. कॉम नंबरला थोडं झुंजावं लागलं, मी बायॉसमध्ये बंद करायचं विसरले होते. आज सकाळी पहिल्याच किटलीला फॅट आपोआप उमटली. ते आजोबा तिसऱ्या नंबरला होते. ६.३ आली. काही बोलले नाहीत, पावती घडी करून खिशात घातली.

मागच्या दोन मेलेल्या पोर्टांवर चिकटपट्टी लावून टाकली.

प्रतिसाद: उद्यमनगरी

छान. आयसोलेटर मागवला का?

प्रतिसाद: धागाकर्ती

मागवलाय, शुक्रवारी येतोय. तोवर मशीन बॅटरीवर.