१:१८ मधली ९११ कॅरेरा आरएस २.७: जुना पीस घेताना काय बघायचं?

प्रश्न (चौथा गिअर): १९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ हवी आहे, १:१८ मॉडेल, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाएवढं. पांढरी, निळ्या अक्षरांची. एक जुना डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचा) पीस मिळतोय, मूळ खोक्यासकट. हातात घेतल्यावर काय काय तपासू? की सरळ नवी रेझिनची (कडक प्लॅस्टिकसारख्या राळेची) घेऊ? मॉडेल रत्नागिरीत राहणार आहे.

डकटेल: आधी ठरवा, लाइटवेट (वजन कमी केलेली) की टूरिंग (सुखसोयींची). खऱ्या १५८० गाड्यांपैकी लाइटवेट फक्त २००, टूरिंग १३०८. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, आत डोकवा. लाइटवेटला मागची सीट नाही, घड्याळ नाही, दाराला नुसता ओढायचा पट्टा. मागच्या सीट दिसल्या आणि विकणारा लाइटवेट म्हणत असेल तर सरळ भाव पाडा.

मग टायर. खऱ्या गाडीला पुढे १८५ आणि मागे २१५ रुंदीचे, म्हणजे १:१८ मध्ये साधारण १०.३ आणि ११.९ मिमी. स्वस्त मॉडेलमध्ये चारही सारखेच बसवतात, आणि मग मागची फुगीर कमान पोकळ वाटते. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) असेल तर चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतही मोजा, १२६ मिमी यायला हवं.

बिजागर: रेझिनची बहुतेक मॉडेल्स बंद असतात. कडा धारदार, पण दार किंवा इंजिनचं झाकण उघडणार नाही. ही गाडी तर झाकणावरच्या त्या वर वळलेल्या शेपटीसाठीच घ्यायची. डायकास्टमध्ये झाकण अर्ध्यावर उघडून सोडा. तिथेच थांबलं तर बिजागर शाबूत, धपकन पडलं तर ढिला. झाकण सारखं पडत राहिलं की कडेचा रंग टवका होऊन निघतो.

चुंबक लावून डायकास्ट ओळखा असं कुणी सांगेल, ऐकू नका. जस्ताच्या मिश्रधातूला चुंबक चिकटत नाही. वजन आणि हाताला लागणारा गारवा पुरेसा.

चौथा गिअर: फोटो मोठा करून पाहिला. मागच्या कमानीवर मोहरीएवढे तीन फुगवटे आहेत. घासून रंगवलं तर?

बिजागर: आधी गाडी उलटी करा. फुगवट्यांभोवती केसासारख्या भेगा असतील, किंवा तळाच्या स्क्रूंचे खांब फुटलेले असतील, तर घेऊ नका. मिश्रधातूत शिसं वगैरेची भेसळ राहिली की तो आतून सडतो, फुगतो, तडकतो. त्याला इलाज नाही. रंगवलं तरी खालून परत वर येणार. भेगा नसतील तर नुसता रंग उठलेला असू शकतो, पण रत्नागिरीच्या हवेत मी तरी ही जोखीम घेणार नाही. शेजारच्या मॉडेलला मात्र हे लागत नाही, तेवढी भीती काढून टाका.

डकटेल: घ्याल त्या मॉडेलचं एक करा. रंगाला चिकटलेला फोम आणि प्लॅस्टिकची फिल्म काढून टाका, वर्षानुवर्षं राहिली की डाग पडतात. मऊ टायरमधून तेलकट द्रव सुटतो आणि खालच्या बैठकीचं ॲक्रिलिक विरघळवतो, म्हणून चेसीखाली ठोकळे देऊन चाकं अधांतरी ठेवा. कपाटात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि अगदी स्वस्तातला नाही, जरा बरा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांत राहिलं पाहिजे. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झाडा. स्पिरिट लावलंत तर बाजूची निळी 'कॅरेरा' अक्षरं कापसावर येतील.