घरची कार आणि मेहुण्याचं वॉशिंग सेंटर, दोन्हीला मिळून एकच प्रेशर वॉशर चालेल का?

ओला_पायपोस

मंडळी, जरा मदत हवीये. प्रेशर वॉशर घ्यायचाय आणि पंधरा दिवस व्हिडिओ बघून बघून डोक्याचा पार भुगा झालाय. घरी एक कार, दोन बाईक आणि मागच्या अंगणात सिमेंटचा कोबा आहे, त्यावर शेवाळ असं काही चिकटलंय की खराट्याने घासून खांदे भरून आले पण ते हललं नाही. आई मागच्या आठवड्यात तिथेच घसरली, नशिबाने लागलं नाही फार, पण तेव्हापासून मनावर घेतलंय.

आता भानगड अशी की मेहुणा गाड्या धुवायचं सेंटर टाकतोय. तो म्हणतो वेगवेगळं कशाला, दोघात एकच घेऊ, आठवडाभर माझ्याकडे राहील आणि रविवारी तू घेऊन जा. ऐकायला बरं वाटतंय. एक मशीन बघून ठेवलंय, १८०० वॅट, डब्यावर २०० बार (म्हणजे पाण्याचं प्रेशर) आणि १० लिटर पर मिनिट. दुसरं पण १८०० वॅटचंच आहे पण त्यावर ११० बार आणि ७ लिटर एवढंच. पहिलंच घ्यावं ना? पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, अंगणात एक नळ आहे.

कार्बन_ब्रश

पहिलं घेऊ नकोस. डब्यावरचा आकडा खोटा आहे आणि तुला घरबसल्या कळेल कसा ते. बारला लिटर पर मिनिटने गुण, ६०० ने भाग, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. २०० गुणिले १० भागिले ६०० म्हणजे ३.३ किलोवॅट. एवढी ताकद नुसती पाण्यात जायला पाहिजे, आणि मशीन लाईटच्या बोर्डातून ओढतंय १.८ किलोवॅट. आता उरलेलं कुठून आणणार, पाटावर बसून मंत्र म्हणणार का?

दुसऱ्याचं गणित बघ, ११० गुणिले ७ भागिले ६००, जवळपास १.३. मोटर आणि पंपात पाव भाग वाया जातोच, म्हणजे १.८ तून १.३ बाहेर आलं तर आकडे जुळतात. तो माणूस खरं बोलतोय.

बहुतेक वेळा होतं असं की मॅक्सिमम प्रेशर छापतात, म्हणजे पंप क्षणभर सहन करेल तो आकडा, आणि लिटर छापतात नोझल काढून मोजलेले. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. तू वर्किंग किंवा रेटेड, म्हणजे सलग चालताना मिळणारं प्रेशर, लिहिलंय का ते बघ, नसेल तर विचार. आणि काही डब्यांवर बारऐवजी पीएसआय असतं, ते पण प्रेशरचंच माप, त्याला १४.५ ने भागलं की बार मिळतात. २००० पीएसआय वाचून लोक हुरळतात, ते जेमतेम १३८ बार असतं.

धूळखात_पडलेला

एवढं गणित कोण करत बसतं राव, सरळ जास्त बारवालं घ्या आणि मोकळे व्हा, कमी करायचं असेल तर गन लांब धरायची.

कार्बन_ब्रश

@धूळखात_पडलेला बार घाण उखडतो, पण उखडलेली घाण वाहून न्यायला लिटर लागतात. चिखलाने भरलेल्या मडगार्डवर १५० बारचं ५ लिटरवालं मशीन मार, बारीक रेघेएवढीच जागा स्वच्छ होते आणि चिखल पुढे सरकून दुसरीकडे चिकटतो. त्यापेक्षा १०० बार आणि ९ लिटर, निम्म्या वेळात काम होतं. कारच्या रंगाला तर १०० च्या वर गरजच नाही.

नळाखालची_बादली

मशीनचं झालं पण दादा तुमच्या नळाचं काय? मी हेच केलं होतं म्हणून सांगतेय. मोठ्या हौसेने मशीन आणलं, चालू केलं, पहिले दहा सेकंद झक्कास आणि मग फवारा कधी जोरात कधी मुतल्यासारखा (सॉरी पण तसंच दिसत होतं), मशीन मधेच गुरगुरायचं, गन हातात थरथरायची. मला वाटलं खराब निघालं. परत द्यायला निघालेच होते, तेवढ्यात शेजारच्या काकांनी सांगितलं आधी बादली लावून बघ.

१० लिटरची बादली नळाखाली ठेवायची, नळ पूर्ण सोडायचा आणि मोबाईलवर वेळ लावायची. माझी भरायला पूर्ण दोन मिनिटं लागली. म्हणजे ५ लिटर पर मिनिट, आणि मशीनला हवे होते ७. पाणी कमी पडलं की पंप हवा ओढतो, आतल्या सीलची (पाणी अडवणाऱ्या रिंगांची) वाट लागते, आणि दोष मशीनच्या माथी.

गच्चीवरच्या टाकीला प्रेशर फारसं नसतंच, १० मीटर उंचीला जेमतेम १ बार मिळतो आणि एकमजली घराला त्याच्या निम्म्याहून कमी. त्यात अर्धा इंची पाईप आणि चार वळणं असली की संपलंच. मी शेवटी ड्रम भरून ठेवते आणि त्यातून ओढायला देते. पण हे सगळ्या मशीनला जमत नाही, आपोआप पाणी ओढणारं आहे का ते घेण्याआधी विचारा, आणि पहिल्यांदा लावताना ओढायची नळी पाण्याने भरून मगच जोडा नाहीतर कोरडं फिरत बसतं. नळीच्या तोंडाला जाळी हवीच. माझ्या नोझलच्या भोकात एकदा वाळूचा एकच कण अडकला होता, डोळ्याला दिसत पण नव्हता, टाचणीने काढला तेव्हा कुठे फवारा सरळ झाला.

फेसाळ_सकाळ

गाड्या धुवायचं सेंटर चालवतो, आठ वर्षं झाली, त्यामुळे मेहुण्याच्या बाजूने बोलतो. पाव्हणं, ही भागीदारी करू नका. पैशामुळे नाही, मोटरमुळे.

ही हलकी घरगुती मशीनं असतात ना, एका हाताने उचलता येणारी, त्यांच्यात बहुतेक करून मिक्सरसारखी ब्रशवाली मोटर असते. आवाज कानठळ्या बसवणारा आणि अर्धा तास चालवलं की तिला श्वास घ्यायला द्यावा लागतो. रविवारी एक कार आणि दोन बाईक, तेवढ्याला वर्षानुवर्षं पुरते. सेंटरवर दिवसाला पंधरा गाड्या म्हटलं तर महिना दोन महिन्यात मोटरमधले कार्बनचे ब्रश झिजतात, मग जळकट वास, मग धूर. मी सुरुवातीला हीच हुशारी केली होती, पहिलं मशीन पावसाळा पण बघू शकलं नाही.

धंद्याला इंडक्शन मोटर घ्या, तिच्यात ब्रशच नसतात. जड असते, दोघांनी उचलायला लागते, पण आवाज कमी आणि दिवसभर चालते. पंपाचं हेड पितळेचं, पिस्टन सिरॅमिकचे, आणि ऑईल बदलता येणारा पंप. १४५० आरपीएमचा मिळाला तर २८०० वाल्यापेक्षा बरा, सावकाश फिरतो म्हणून सील टिकतात. १५० बार आणि ११ लिटरच्या पुढे जायचं असेल तर वर सांगितलेलं गणित लावून बघा, सिंगल फेजवर ओढणं अवघड जातं, थ्री फेज लागते. आणि खरं सांगू, माझ्याकडे अंडरबॉडीला पट्ट्यावर फिरणारा तीन पिस्टनचा पंप आहे, प्रेशर ३०-४० बारच, पण पाणी धो धो. चिखलाला तोच भारी. मेहुण्याला म्हणावं आधी तो बघ. इंजिनचं ऑईल ग्रीस जास्त येणार असेल तर मात्र गार पाण्याने नुसते हात दुखतील, तिथे गरम पाण्याचं मशीन वेगळंच असतं.

मोठ्या मशीनमध्ये आणखी एक. घरगुतीत ट्रिगर सोडला की मोटरच बंद होते. मोठ्यात बऱ्याचदा मोटर चालूच राहते आणि तेच पाणी पंपात गोल गोल फिरत तापतं. पोरं गन ठेवून गप्पा मारायला जातात आणि सील शिजतात. दोन मिनिटांच्या वर सोडायचं नाही, बटण बंद करायचं.

ओला_पायपोस

बापरे, बरंच काही कळलं. आत्ताच बादली लावून आलो, १० लिटरला १ मिनिट ५ सेकंद, म्हणजे ९ च्या वर. ७ लिटरवाल्याला पुरेल ना? आणि दोन शंका. शेवाळाला टर्बो नोझल घ्या म्हणतात ते खरं का, आणि बोर्ड घरात आहे, अंगणापर्यंत २० मीटर एक्स्टेंशन लागेल, आमच्याकडे टेबल फॅनला लावतो ती वायर आहे ती चालेल?

कार्बन_ब्रश

फॅनची वायर अजिबात नको!! १८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ८ अँपिअर. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर अडखळत उठते आणि तापते, वायर पण तापते. अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअर वायर घे, १६ अँपिअरचा सॉकेट, आणि रीळवाली असेल तर पूर्ण उलगडून वापर, गुंडाळलेली ठेवली तर आतल्या आत शिजते. त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आहे का ते बघून घे, पाणी आणि वीज एकत्र आहेत. जोड जमिनीवर ओल्यात ठेवायचा नाही.

पाणी पुरेल, २ लिटर शिल्लक आहे.

फेसाळ_सकाळ

टर्बो म्हणजे शून्य डिग्रीची धार गोल फिरवलेली. कोब्यावरच्या शेवाळाला एक नंबर, पण तेवढंच. एका जागी धरून ठेवलं तर सिमेंटवर नागमोडी रेघा उमटतात आणि त्या जात नाहीत, मी माझ्याच दारात काढून ठेवल्यात. झाडू मारल्यासारखं हलवत राहायचं. पेव्हर ब्लॉक असतील तर सांध्यातली वाळू उडते. गाडीवर टर्बो किंवा लाल शून्यवालं चुकून पण नाही, हिरवं २५ किंवा पांढरं ४० डिग्री, वीतभर नाही चांगलं फूटभर लांबून. टायरच्या बाजूला जवळून मारू नका, रबराला आतून इजा होते आणि बाहेर दिसत नाही. बाईकची चेन, चाकाचे बेअरिंग, हेडलाईटच्या मागची वायरिंग, तिथे पण नाही. साबण आधी कमी प्रेशरवर खालून वर, धुताना वरून खाली.

आणि हे गंमत म्हणून घेऊ नका, गन कोणाच्या अंगावर धरायची नाही, स्वतःचे पाय धुवायला पण नाही. आमच्याकडच्या पोराने बोटावरचं ग्रीस काढायला मारली, सुई टोचल्याएवढं भोक, दुखत पण नव्हतं, तो हसत होता. संध्याकाळी हात फुगला आणि ऑपरेशन करायला लागलं, आत पाणी आणि घाण गेली होती. असं झालं तर दुखायची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल, आणि प्रेशर वॉशरने झालंय असं स्पष्ट सांगायचं.

नळाखालची_बादली

काम झाल्यावर आधी मशीन बंद, मग नळ बंद, आणि शेवटी ट्रिगर दाबून आतलं प्रेशर सोडा. मी विसरले होते, दुसऱ्या दिवशी पाईप काढायला गेले तर तोंडावर आलं.

ओला_पायपोस

११० बार ७ लिटरवालं घेतोय, पक्कं. मेहुण्याला ६०० वालं गणित पाठवलं, त्याने पण एक २५० बारवालं बघून ठेवलं होतं. तासभर काही बोलला नाही, मग फोन करून विचारतो, ते पट्टावाल्या पंपाचं सांगणारे गृहस्थ कोण, त्यांच्याशी बोलायचंय.