स्पेअर मॅगझिन नेमकी किती ठेवावीत?

काळीरिंग:

नमस्कार मंडळी,

चार वर्षं .२२ च्या पिस्तुलावर २५ मीटरचे प्रकार खेळले. तिथे हा प्रश्न पडलाच नाही. पाच-पाच गोळ्यांची मालिका, मॅगझिनमध्ये भरायच्याही पाचच. दोन मॅगझिनं आलटून पालटून वापरली की काम भागायचं.

गेल्या वर्षी ९ मिमी घेतलं आणि आयपीएससीच्या, म्हणजे जागा बदलत आणि वेळ मोजत खेळायच्या नेमबाजीच्या, प्रॉडक्शन (साध्या कारखानी पिस्तुलांच्या) गटात उतरले. पिस्तुलासोबत दोन मॅगझिनं आली, तिसरं मी वेगळं घेतलं. मागच्या सामन्यात मोठ्या स्टेजवर (टार्गेटांच्या एका मांडणीवर) दुसऱ्या जागेकडे धावताना रीलोड करायला गेले आणि भरलेलं मॅगझिन हातातून निसटलं. काँक्रीटवर पडलं, खालची बेसप्लेट निघाली, स्प्रिंग एकीकडे आणि गोळ्या दुसरीकडे. उरलेल्या एका मॅगझिनवर स्टेज पूर्ण होणं शक्यच नव्हतं. शेवटची चार टार्गेटं न मारता परत फिरले. नेम चुकला असता तर इतकं लागलं नसतं. तयारी कमी पडली याचं फार वाईट वाटलं.

आता सल्ले सुरू झाले आहेत. एक म्हणतो सरळ दहा घेऊन टाक. दुसरी म्हणते तीन पुरे, हात सुधार. दोघंही माझ्यापेक्षा चांगले नेमबाज आहेत. त्यात माझं मॉडेल बंद होणार अशी कुणकुण आहे, म्हणून जीव थोडा घाईला आला आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. किती घेऊ? आणि घरी ती भरून ठेवायची की रिकामी? घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, हेही सांगून ठेवते.

---

धावता_नेम:

दहा. विचार करू नका. मॉडेल बंद झालं की मिळणार नाहीत आणि मिळाली तरी कोणी तरी वापरून टाकलेली मिळतील. आणि भरून ठेवणार असाल तर दर महिन्याला रिकामी करून दुसरी भरा, म्हणजे स्प्रिंगला विश्रांती मिळते. मी तसंच करतो.

---

शस्त्रकोठी:

ताई, क्लबची शस्त्रं सांभाळण्याचं काम मी एकोणीस वर्षं करतो आहे. या काळात पिस्तुलांपेक्षा मॅगझिनंच जास्त दुरुस्त केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब करू. आयपीएससीत मोठी स्टेज जास्तीत जास्त ३२ गोळ्यांची. प्रॉडक्शनमध्ये मॅगझिनला १५. कागदावर तीन मॅगझिनं, म्हणजे ४५ गोळ्या, भरपूर झाल्या. पण तुम्ही मॅगझिन संपेपर्यंत थांबता का? नाही, आणि थांबूही नये. एका जागेवरून दुसरीकडे जाताना, पाय चालत असताना रीलोड करायचं असतं. समजा स्टेजवर चार जागा आहेत आणि प्रत्येक जागेवर आठ गोळ्या. प्रत्येक हालचालीत मॅगझिन बदललं तर चार लागली, प्रत्येकात सात गोळ्या शिल्लक असताना. त्यावर एक पडलं, अडकलं किंवा जास्तीच्या गोळ्या झाडाव्या लागल्या म्हणून आणखी एक. म्हणजे पाच: एक पिस्तुलात, चार कमरेला. तुमच्याकडे तीन होती, त्यामुळे त्या दिवशी जे झालं त्यात फक्त हाताचा दोष नव्हता. हे मनावरचं ओझं उतरवा.

ही पाच फक्त सामन्याची. सरावाची वेगळी हवीत आणि याबाबत मी क्लबमध्ये कोणालाही सूट देत नाही. रीलोडचा सराव म्हणजे शंभर वेळा मॅगझिन जमिनीवर आपटणं. वरच्या तोंडाच्या ज्या दोन दुमडी काडतूस धरून ठेवतात, त्यांना आम्ही लिप्स म्हणतो, त्या अशाच वाकतात. केसभर फाकल्या तरी काडतूस चुकीच्या कोनात वर येतं. सरावाची दोन किंवा तीन, त्यांच्यावर लाल रंगाचा पट्टा मारा आणि ती सामन्याच्या पिशवीत कधीही जाऊ देऊ नका.

झाली सात-आठ. आता दहा का नकोत ते सांगतो.

मॅगझिन विकत घेतलं म्हणजे ते स्पेअर झालं असं नसतं. जे तपासलेलं नाही ते नुसतं खोकं आहे. माझी पद्धत अशी: नवं मॅगझिन आलं की आधी उघडून कारखान्यातलं तेल कोरड्या कापडाने पुसायचं. आत तेल ठेवायचं नाही, त्याला धूळ चिकटते आणि ते काडतुसाच्या प्रायमरपर्यंतही (बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीपर्यंत) जाऊ शकतं. मग रिकामं मॅगझिन पिस्तुलात घालून बटण दाबल्यावर स्वतःच्या वजनाने खाली पडतं का ते बघायचं. पूर्ण भरून, स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पुढे असताना, ते नीट बसून खटका लागतो का ते बघायचं. ही दुसरी तपासणी रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवूनच. बरीच नवी मॅगझिनं इथे अडतात, कारण स्प्रिंग ताठ असते आणि शेवटची गोळी दाबायला जागाच उरत नाही. मग तीन वेळा पूर्ण भरून झाडायचं, तिन्ही वेळा एकही अडथळा नको आणि संपल्यावर स्लाइड मागे थांबलीच पाहिजे. तेव्हा मी त्यावर क्रमांक घालतो आणि वहीत तारीख लिहितो.

एका मॅगझिनला ४५ गोळ्या. दहांना ४५०. त्या गोळ्या आणि तेवढे दिवस तुमच्याकडे असतील तर दहा घ्या, माझी हरकत नाही. पण मी पाहिलंय, दहा घेणारा माणूस तीन तपासतो आणि सात तशीच पिशवीत टाकतो. मग सामन्यात नेमकं त्या सातांपैकी एक हाताला लागतं.

धावता_नेम, विश्रांतीबद्दल नम्रपणे असहमत आहे. स्प्रिंगचं पोलाद मर्यादेच्या आत दाबलेलं असेल तर नुसतं दाबून ठेवल्याने फारसं थकत नाही. थकतं ते पुन्हा पुन्हा दबण्या-सुटण्याने. तुम्ही दर महिन्याला रिकामी करून भरता तेव्हा त्याला विश्रांती मिळत नाही, उलट एक फेरी वाढते. अपवाद दोन. छोट्या आकाराच्या मॅगझिनमध्ये जास्त गोळ्या बसवलेल्या असतील तर स्प्रिंग मर्यादेच्या अगदी जवळ दबते, ती लवकर बसते. आणि ज्यांचे लिप्स नुसत्या प्लास्टिकचे आहेत, त्यांच्यावर भरलेल्या स्थितीत सतत वरचा दाब असतो, ते वर्षानुवर्षांत फाकू शकतात. काही रायफलच्या प्लास्टिक मॅगझिनसोबत एक टोपण मिळतं, जे काडतुसं किंचित खाली दाबून लिप्सवरचा भार काढतं. ते नुसतं धुळीसाठी आहे समजून लोक फेकून देतात. जपून ठेवा.

नवी स्प्रिंग पहिल्या काही भरण्यांत थोडी आखूड होते आणि मग तिथेच थांबते, त्याला घाबरू नका. नंतर कधी संपलेल्या मॅगझिनवर स्लाइड मागे थांबेनाशी झाली किंवा शेवटच्या एक-दोन गोळ्या नाक खाली घालून अडकू लागल्या, तर आधी स्प्रिंगचा संशय घ्या.

मॉडेल बंद होण्याची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्याकडे एक सुंदर जुनं पिस्तूल दोन वर्षं कपाटात पडून होतं, कारण त्याचं एकमेव मॅगझिन चिरलं आणि दुसरं मिळेना. त्या पिस्तुलाची रचना अशी की मॅगझिन आत नसेल तर चापच काम करत नाही. एकट्या मॅगझिनपायी अख्खं शस्त्र निकामी. रोज कपाट उघडताना ते दिसायचं आणि पोटात कालवायचं. म्हणून तुम्हाला सांगतो, आठ मॅगझिनं घ्या आणि उरलेल्या पैशांत आठ जादा स्प्रिंगा, दोन-तीन फॉलोअर (स्प्रिंगवर बसून काडतुसं वर ढकलणारा तुकडा) आणि दोन बेसप्लेट घेऊन ठेवा. धातूचं खोकं जपलं तर पिस्तुलाइतकं टिकतं. झिजतं ते आतलं.

---

जुनं_पोलाद:

शस्त्रकोठींच्या उत्तराला थोडी जुन्या काळाची जोड देतो. मी जुन्या पिस्तुलांचा अभ्यास करतो.

१९०८ साली जर्मन सैन्याने लुगर पी०८ स्वीकारलं तेव्हा प्रत्येक पिस्तुलासोबत दोन मॅगझिनं असत. दोन्हींच्या तळावर पिस्तुलाचाच क्रमांक ठोकलेला आणि स्पेअरवर अधिकचं चिन्ह. म्हणजे स्पेअर कुठलं हे ठरलेलं होतं आणि ते त्याच पिस्तुलाचं होतं. अमेरिकन एम१९११ वापरणाऱ्या शिपायाचं गणित तीनाचं: एक पिस्तुलात, दोन पट्ट्यावरच्या थैलीत, प्रत्येकात सात गोळ्या.

हे आकडे कमी वाटतात, पण त्यांचं पिस्तूल हे दुय्यम शस्त्र होतं. रायफलवाल्याचा हिशोब वेगळा. एम१६ च्या शिपायाचा नेहमीचा भार सात मॅगझिनांचा, ३० प्रमाणे २१० गोळ्या. काम बदललं की आकडा बदलतो, म्हणून ताईंना .२२ वर दोन पुरत होती आणि आता पुरत नाहीत.

क्रमांक घालण्याची सवय मात्र शंभर वर्षांनंतरही तितकीच उपयोगी आहे.

---

दोन_कुलपं:

ताई, मी दोन मुलांची आई आहे आणि नेमबाजही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण वर त्याला कोणी नीट हात घातला नाही.

घरी रिकामी ठेवा. खेळासाठी वापरत असाल तर भरलेलं मॅगझिन घरी ठेवण्याचं कारणच नाही, रेंजवर भरायला पाच मिनिटं लागतात. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, किल्ल्या तुमच्याजवळ. रिकामी मॅगझिनंही कपाटात उघडी नकोत. नऊ वर्षांचं मूल बघून शिकतं, आणि मॅगझिन पिस्तुलात बसवणं हे खेळण्याच्या ठोकळ्यांइतकं सोपं आहे.

रेंजवरून निघताना क्रम कधी उलटू नका. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, बघायचा. उलट केलं तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी आत जाते. मग माणूस मॅगझिन काढतो आणि पिस्तूल रिकामं झालं असं समजतो. मी हे एकदा डोळ्यांसमोर होताना पाहिलं. गोळी मातीच्या बांधात गेली, कोणाला काही झालं नाही, पण तो आवाज मी विसरू शकत नाही. डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा.

कायद्याचंही आधी विचारून घ्या. किती मॅगझिनं यापेक्षा एकात किती गोळ्या बसतात यावर बऱ्याच ठिकाणी मर्यादा आहे. कॅनडात पिस्तुलाला १०. युरोपीय संघाच्या २०१७ च्या निर्देशात सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी प्रायमर असलेल्या) अर्धस्वयंचलित पिस्तुलासाठी २० आणि लांब शस्त्रासाठी १० ही रेषा आहे. तुमच्या परवान्यावर काय चालतं ते परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या, आठ मॅगझिनं विकत घेतल्यावर नव्हे.

आणि चामड्याच्या थैलीत साठवू नका. चामडं ओल धरतं, पोलादावर गंज चढतो. कोरडा डबा आणि सिलिका जेलची पुडी पुरते.

---

काळीरिंग:

सगळ्यांचे मनापासून आभार. चेंबरचा क्रम मला शिकवलेला होता, पण असा का ते आज पहिल्यांदा नीट कळलं.

असं ठरवलं आहे: परवान्याचं लेखी उत्तर आलं की आणखी पाच घ्यायची, म्हणजे एकूण आठ. पाच सामन्याला, तीन सरावाला. स्प्रिंगा आठ.

शस्त्रकोठी दादा, एकच शंका. त्या दिवशी पडलेलं मॅगझिन मी परत जोडलं. परवा रेंजवर त्याच्यात दोनदा गोळी अडकली, बाकी दोघांत एकदाही नाही. बेसप्लेट नीट बसते. हे सरावाला चालेल की टाकून देऊ?

---

शस्त्रकोठी:

टाकू नका, अजून बरंच काही शिकवेल ते. त्याला क्रमांक तीन द्या, चांगल्यापैकी एकाला दोन. आता तीनची स्प्रिंग आणि फॉलोअर काढून दोनमध्ये घाला, दोनचं तीनमध्ये. दोन्ही पूर्ण भरून तीन-तीनदा झाडा. अडथळा दोनमध्ये गेला तर आतल्या भागांचा दोष आहे, नवी स्प्रिंग घालून ते वाचेल. अडथळा तीनमध्येच राहिला तर लिप्स वाकले आहेत.

लिप्स वाकले असतील तर पक्कड लावून सरळ करायचा मोह आवरा. एकदा वाकलेला पत्रा परत वाकवला की त्या जागी कमकुवत होतो आणि पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही. अशा वेळी स्प्रिंग, फॉलोअर, बेसप्लेट काढून सुट्या भागांच्या डब्यात ठेवा आणि खोक्यावर आडवी रेघ मारून ते बाद करा. आठऐवजी सात उरली तर सामन्याच्या पाचांना हात लावू नका, सरावाची दोन करा.

रविवारी सकाळी रेंजवर असाल तर घेऊन या, लिप्समधलं अंतर कॅलिपरने चांगल्या मॅगझिनशी ताडून बघू.